रिचार्जेबल सेल : रोजच्या घरात आणि वादळाच्या दिवसांत

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. सावित्री नदीच्या दक्षिण तीरावर, रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या मंडणगड तालुक्यालाही त्याचा जबर तडाखा बसला. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने आंबा, काजू, सुपारीच्या बागा आडव्या केल्या, घरांवरची कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब कोसळले. मंडणगड आणि शेजारच्या दापोली तालुक्यातील अनेक गावांत वीज परत येण्यास काही आठवडे लागले. मोबाइलचे जाळेही कोलमडले. वर पावसाळा तोंडावर आलेला आणि करोनाच्या टाळेबंदीमुळे मुंबईहून आलेली माणसे घराघरांत. अशा वेळी फडताळातल्या दोन पेन्सिल सेलना जी किंमत येते, ती एरवी कोणाच्या ध्यानात येत नाही.

बॅटरी, रेडिओ, थर्मामीटर, रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि त्या वर्षी घरोघरी आलेले ऑक्सिमीटर ही सारी साधने सेलवरच चालतात. (मराठी घरात ‘बॅटरी’ म्हणजे हातातला टॉर्च आणि तिच्यात घालायचे ते ‘सेल’, या लेखातही तोच अर्थ धरला आहे.) गेल्या वीस वर्षांत शहरी घरांनी एकदा वापरून टाकून द्यायच्या सेलऐवजी रिचार्जेबल सेल स्वीकारण्यास सुरुवात केली. त्यामागचा हिशेब बरोबरच आहे. पण रिचार्जेबल सेल पुन्हा भरायचा तर वीज लागते, आणि सेलची खरी गरज वीज नसतानाच भासते. हा पेच सोडवल्यावाचून ‘कोणता सेल चांगला’ या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. ज्यांचे घर मुंबई-पुण्यात आणि मूळ गाव कोकणात आहे, अशा वाचकांना तर तो दोन्हीकडे सोडवावा लागतो.

दीड व्होल्ट आणि सव्वा व्होल्ट

भारतातील घरांत सर्वाधिक खपणारा स्वस्त सेल म्हणजे झिंक-कार्बन सेल. त्याचे मूळ फ्रेंच संशोधक जॉर्ज लेक्लांशे याने १८६६ मध्ये तयार केलेल्या घटात आहे. त्यानंतरचा अल्कलाइन सेल लुईस उरी या अभियंत्याच्या कामातून १९५०च्या दशकात आला. दोन्हींचा विद्युतदाब दीड व्होल्ट, आणि दोन्ही एकदा संपले की संपले. पुन्हा भरता येणारा निकेल-कॅडमियम सेल मात्र अल्कलाइनपेक्षा जुना आहे. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर याने तो १८९९ मध्ये सिद्ध केला. कॅडमियम विषारी असल्याने पुढे त्याची जागा निकेल-मेटल हायड्राइड सेलने घेतली. आज दुकानात ‘रिचार्जेबल पेन्सिल सेल’ म्हणून मिळतो तो बहुधा हाच. निकेलच्या या दोन्ही सेलचा विद्युतदाब १.२ व्होल्ट असतो.

दीड आणि १.२ यांतील हा फरक पाहून ‘रिचार्जेबल सेल कमी ताकदीचा’ असा समज रूढ झाला. तो अर्धाच खरा आहे. अल्कलाइन सेल दीड व्होल्टवर सुरू होतो खरा, पण वापरू लागताच त्याचा दाब सतत उतरत जातो. निम्मा सेल संपेपर्यंत तो जवळपास सव्वा व्होल्टवर आलेला असतो आणि शेवटी एक व्होल्टच्या खाली जातो. निकेल-मेटल हायड्राइड सेल मात्र आयुष्याचा बहुतेक काळ १.२ ते १.२५ व्होल्टच्या आसपास स्थिर राहतो. म्हणजे एखादे उपकरण अल्कलाइन सेल शेवटपर्यंत वापरू शकत असेल, तर ते रिचार्जेबल सेलवरही नीट चालते. जास्त वीज ओढणाऱ्या उपकरणांत तर रिचार्जेबल सेलच सरस ठरतो. कॅमेऱ्याचा फ्लॅश किंवा मुलांची मोटारीची खेळणी यांत अल्कलाइन सेल आपल्या क्षमतेचा मोठा भाग न देताच मान टाकतो, कारण त्याचा अंतर्गत रोध अधिक असतो.

समज खरा ठरतो तो दोन ठिकाणी. चार सेल लागणाऱ्या उपकरणात सहा व्होल्टच्या जागी ४.८ व्होल्टच मिळतात आणि उपकरणाचे मंडल जुन्या पद्धतीचे असेल तर ते अडून बसते. गॅस गिझरमध्ये ठिणगीसाठी दोन मोठे सेल असतात. त्यांच्या जागी रिचार्जेबल सेल घातल्यास काही गिझर पेटताना कुरकुर करतात. दुसरे ठिकाण म्हणजे ‘सेल संपत आला’ असे सांगणारा दिवा किंवा चिन्ह. हे दर्शक बहुधा अल्कलाइन सेलच्या उताराला जुळवलेले असतात. त्यामुळे रिचार्जेबल सेल भरलेला असतानाच ते ‘संपत आला’ म्हणतात, किंवा उलट, सेल अखेरच्या टप्प्यावर येईपर्यंत गप्प राहतात आणि मग काही मिनिटांत सारे बंद पडते. रक्तदाबाच्या यंत्राने असे केले तर फार तर पुन्हा मोजावे लागते. पण जेथे चुकणे परवडत नाही अशा एका जागी हाच प्रश्न पुष्कळ आधीपासून चर्चिला गेला आहे. ती जागा म्हणजे विमानाचा कॉकपिट.

वैमानिकाच्या कानावरचे दोन सेल

एका इंजिनाच्या छोट्या विमानात आवाज एवढा असतो की हेडसेटवाचून नियंत्रण कक्षाचे बोलणे ऐकू येणे कठीण. १९८०च्या दशकाअखेरीपासून वैमानिकांच्या हेडसेटमध्ये आवाज दाबणारे तंत्र आले. कानाच्या कपात बसवलेला छोटा मायक्रोफोन बाहेरचा घरघराट टिपतो आणि त्याच्या नेमकी उलट लहर स्पीकरमधून सोडून तो पुसून टाकतो. या कामाला वीज लागते, आणि ती बहुतेक ठिकाणी दोन पेन्सिल सेलमधून मिळते. चांगल्या हेडसेटमध्ये असे दोन सेल चाळीस तासांच्या आसपास पुरतात.

फोन, घड्याळ, कानातले इअरफोन सारे अंगभूत लिथियम बॅटरीवर गेले असताना २०२३ मध्ये आलेल्या बोस कंपनीच्या ए-३० या महागड्या हेडसेटनेही दोन पेन्सिल सेलच ठेवले आहेत. यात मागासलेपण नाही. साधा सेल जगात कोठल्याही दुकानात मिळतो आणि उड्डाण चालू असतानाही अर्ध्या मिनिटात बदलता येतो. अंगभूत बॅटरी संपली, तर चार्जिंगच्या जागेपर्यंत थांबणे एवढेच हाती राहते.

या हेडसेटमध्ये रिचार्जेबल सेल वापरावेत की नाही, याविषयी वैमानिकांत दोन मते आढळतात. रोज उडणाऱ्याला ते परवडतात, शिवाय दर आठवड्याला सेलचा ढीग टाकावा लागत नाही. अधूनमधून उडणाऱ्याला मात्र ते धोक्याचे वाटतात, कारण भरून ठेवलेला सेल बॅगेत पडून पडून रिकामा झालेला असू शकतो आणि संपताना तो पूर्वसूचना थोडी देतो. बहुतेक हेडसेटमध्ये सेल संपला तरी रेडिओवरचे बोलणे बंद होत नाही. आवाज दाबण्याचे काम तेवढे थांबते आणि इंजिनाची घरघर एकदम कानावर आदळते. जीवघेणे नसले तरी विमान उतरवण्याच्या ऐन वेळी ते नकोसे असते. यावर अनुभवी वैमानिकांचा तोडगा साधा असतो. हेडसेटमध्ये हवे तर रिचार्जेबल सेल घालावेत, पण सीलबंद वेष्टनातील नव्या अल्कलाइन सेलची जोडी बॅगेत नेहमी असावी.

हाच तोडगा मंडणगडच्या घराला जसाच्या तसा लागू पडतो.

भरलेला सेल पडून का आटतो

रिचार्जेबल सेलविषयीच्या बहुतेक तक्रारी त्याच्या जुन्या पिढीच्या आहेत. २००५ पूर्वीचे निकेल-मेटल हायड्राइड सेल भरून ठेवले तर महिन्याला वीस ते तीस टक्के भार आपोआप गमावत, आणि हवा जितकी उष्ण तितका हा ऱ्हास अधिक. दोन महिन्यांनी काढलेला कॅमेरा बंद, हा त्या काळच्या सहलींचा ठरलेला अनुभव. नोव्हेंबर २००५ मध्ये जपानच्या सान्यो कंपनीने ‘एनेलूप’ नावाचा सेल बाजारात आणला. वर्षभर पडून राहिला तरी सुमारे ८५ टक्के भार टिकतो, असा कंपनीचा दावा होता आणि वापरणाऱ्यांना तो बऱ्याच अंशी पटला. पुढे सान्यो कंपनी पॅनासॉनिककडे गेली, पण सेलचे नाव टिकले. आज इतर कंपन्याही या प्रकारचे सेल बनवतात. वेष्टनावर ‘रेडी टु यूज’ किंवा ‘प्री-चार्ज्ड’ असे लिहिलेले असते, तीच ओळख.

विकत घेताना मिलिअँपिअर-तासांचा मोठा आकडा पाहून भुलण्याचे कारण नाही. पेन्सिल सेलमध्ये १९०० ते २००० मिलिअँपिअर-तासांचा, भार टिकवून ठेवणारा सेल हा २७०० चा आकडा मिरवणाऱ्या सेलपेक्षा घरगुती वापराला बहुधा उपयोगी पडतो. मोठ्या आकड्याचे सेल लवकर आटतात आणि थोड्या फेऱ्यांत थकतात. अनोळखी नावाच्या सेलवर छापलेले आकडे तर बऱ्याचदा निव्वळ शोभेचे असतात. मोठ्या आकाराच्या रिचार्जेबल सेलबाबत आणखी एक सावधगिरी हवी. काही स्वस्त सेलच्या जाड कवचाआड प्रत्यक्षात एक पेन्सिल सेलच बसवलेला असतो. हातात घेतल्यावर तो संशयास्पद हलका लागतो.

दोन हजार मिलिअँपिअर-तास म्हणजे नेमके किती? सुमारे दोनशे मिलिअँपिअर ओढणारी एलईडी बॅटरी दहा तास चालेल. तीस मिलिअँपिअरवर चालणारा छोटा रेडिओ साठ तासांहून अधिक, म्हणजे रोज दोन तास लावला तर महिनाभर बोलत राहील. खर्चाचा हिशेबही असाच सोपा आहे. एका सेलमध्ये मावणारी ऊर्जा सुमारे अडीच वॉट-तास. चार्जरमधील घट धरली तरी पाच वॉट-तासांपलीकडे वीज लागत नाही, तेव्हा विजेच्या एका युनिटमध्ये जवळजवळ दोनशे सेल भरतात. रिचार्जेबल सेलची किंमत अल्कलाइनच्या चार-पाच पट धरली, तर पाच-सहा वेळा भरल्यावर त्याचे पैसे वसूल होतात. चार्जरचा खर्च त्यात मिळवला तर आणखी थोड्या फेऱ्या लागतील.

म्हणूनच भिंतीवरच्या घड्याळात रिचार्जेबल सेल घालणे व्यर्थ. घड्याळाला एवढी थोडी वीज लागते की साधा स्वस्त सेलही वर्षभर पुरतो. पाच-सहा फेऱ्या व्हायला तितकीच वर्षे जातील. टीव्हीच्या रिमोटचेही तेच. खेळणी, कॅमेऱ्याचा फ्लॅश, रोजची बॅटरी, बिनतारी माउस, रोज लागणारे रक्तदाबाचे यंत्र ही रिचार्जेबल सेलची खरी ठिकाणे.

चार्जर हा या सर्वांतला दुबळा दुवा. सेल चांगले घ्यायचे आणि चार्जर सेलबरोबर फुकट मिळालेला वापरायचा, ही सवय फार पसरलेली आहे. जुन्या पद्धतीचा चार्जर सेल भरला की नाही हे न पाहता ठरावीक वेळ विद्युतप्रवाह सोडत राहतो आणि सेल जोडीनेच भरतो. जोडीतील एक अर्धा भरलेला असेल तर तो तापतो, आणि उष्णता ही निकेल सेलची वैरीण. चांगला चार्जर प्रत्येक सेल स्वतंत्र तपासतो आणि भरताच थांबतो. जुने आणि नवे सेल एकाच उपकरणात मिसळू नयेत, हेही याच कारणाने. दुबळा सेल आधी रिकामा होतो आणि उरलेले सेल त्याच्यातून प्रवाह रेटत राहतात. ‘सेल पूर्ण संपवूनच भरावा’ हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला. आजच्या सेलला त्याची गरज नाही.

अलीकडे पेन्सिल सेलच्याच आकाराचे लिथियम सेल मिळतात. त्यांत दोन जाती असून त्यांची गल्लत महागात पडते. एका जातीत आतल्या मंडलाने दाब दीड व्होल्टवर आणलेला असतो. हे सेल घरगुती उपकरणांत चालतात, मात्र संपताना एका क्षणात बंद होतात, आणि आतल्या मंडलाच्या गोंगाटामुळे रेडिओत खरखर येऊ शकते. दुसरी जात थेट ३.७ व्होल्टची. ती साध्या रिमोटमध्ये किंवा ऑक्सिमीटरमध्ये घातल्यास उपकरण जळू शकते. आकार तोच असल्याने वेष्टनावरचा व्होल्टचा आकडा वाचल्याखेरीज सेल बसवू नये. ग्लुकोमीटर किंवा वजनकाट्यातील नाण्यासारख्या बटन सेलच्या जागी काही भरता येण्याजोगे शोधण्याच्या फंदात तर पडूच नये. हे बटन सेल लहान मुलाच्या पोटात गेल्यास अन्ननलिकेला तासाभरात इजा होऊ शकते. अशा वेळी मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते.

बंद घरातील सेल

मंडणगड तालुक्यातील पुष्कळ घरांना वर्षाचा बराच काळ कुलूप असते. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतात, मे महिन्यात मुलांना घेऊन येतात आणि परत जातात. बाणकोट, वेळास यांसारख्या किनाऱ्यावरच्या गावांत खारी हवा, आणि आत डोंगरावर पावसाळाभर ओल. अशा घरात बॅटरीत सेल तसेच ठेवून गेल्यास परतल्यावर बहुधा पांढरी किंवा हिरवट बुरशीसारखी पूड दिसते. ही बुरशी नव्हे, सेलमधून पाझरलेल्या रसायनाचा थर असतो. अल्कलाइन सेलचा पाझर अल्कधर्मी असल्याने तो व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाने ओल्या केलेल्या कापसाने पुसावा, झिंक-कार्बनचा आम्लधर्मी असल्याने खाण्याच्या सोड्याने, आणि नंतर जागा पूर्ण कोरडी करावी. चांगले रिचार्जेबल सेल सहसा पाझरत नाहीत, पण घराला कुलूप लावताना सगळे सेल काढून कोरड्या डब्यात ठेवणे हा उपाय सर्वांत स्वस्त आहे.

इमर्जन्सी दिवा या बाबतीत अधिक फसवा. जुन्या दिव्यांत शिसे-आम्ल जातीची सीलबंद बॅटरी असते. ती दोन-तीन महिन्यांनी भरली नाही, तर तिच्या पट्ट्यांवर गंधकाचा क्षार जमून ती कायमची निकामी होते. गणपतीत चार्ज करून ठेवलेला दिवा पुढच्या जूनमध्ये पेटत नाही, यात दिव्याचा दोष नसतो. लिथियमचे दिवे आणि पॉवर बँक अधिक टिकतात, पण तीही पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवू नयेत. बंद घरात ठेवायची तर निम्मी भरून, आणि शक्यतो पत्र्याखालच्या माळ्यावर नव्हे.

वादळासाठी सौर चार्जरवर भिस्त ठेवणाऱ्यांनी आकाशाचा विचार केलेला नसतो. ‘निसर्ग’ जूनच्या सुरुवातीला आले. मंडणगडला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ढगांनी दाटलेल्या दिवशी सौरपट्टी तिच्या छापील क्षमतेच्या पाचव्या-दहाव्या हिश्शाएवढीच वीज देते. मार्च-एप्रिलमध्ये, वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्ले पाहायला पर्यटक येतात त्या दिवसांत, ती उत्तम चालेल. पण वीज जाण्याची भीती असते तेव्हा तिचा भरवसा नाही. त्या मानाने मोटारीतील किंवा दुचाकीवरील यूएसबी चार्जर आणि त्यावर चालणारा सेलचा चार्जर ही जोडी पावसाळ्यात उपयोगी ठरते, इंधन आणि रस्ता शिल्लक असेपर्यंत.

म्हणून कोकणातील घरात सेलचे दोन साठे वेगळे ठेवावेत. रोजच्या वापराला रिचार्जेबल सेल, भरलेल्या आणि रिकाम्यांचे दोन डबे स्वतंत्र. आणि त्याखेरीज एका डब्यात सीलबंद अल्कलाइन सेल, वेष्टन न फोडता, त्यावरची मुदत पाहून. बहुतेक अल्कलाइन सेल सात ते दहा वर्षे तसेच टिकतात. चार पेन्सिल सेल, चार बारीक पेन्सिल सेल आणि त्यांवर चालणारी एक बॅटरी व एक रेडिओ, एवढा साठा आठवडाभराच्या अंधाराला पुरतो. उपकरणे विकत घेतानाच ती एका मापाच्या सेलवर चालणारी निवडली, तर ऐन वेळी ऑक्सिमीटरचे सेल रिमोटमधून काढता येतात. अंगभूत बॅटरीच्या बॅटरीवर मात्र ही सोय नाही.

उरतो तो निकामी सेलचा प्रश्न. भारतात २००१ चे बॅटरीविषयक नियम केवळ शिसे-आम्ल बॅटरीपुरते होते. ऑगस्ट २०२२ मध्ये लागू झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्या कक्षेत आणल्या, वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आणि ग्राहकाने त्या घरगुती कचऱ्यापासून वेगळ्या ठेवाव्यात, असेही सांगितले. जुन्या बिनतारी फोनमधील आणि खेळण्यांतील निकेल-कॅडमियम सेल तर कोणत्याही स्थितीत परसातल्या पालापाचोळ्याच्या आगीत जाता कामा नयेत. लिथियम सेल आगीत फुटतो. तो टाकण्यापूर्वी त्याच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावावी. गावाकडे ई-कचरा घेणारे केंद्र जवळ नसेल, तर परतीच्या एस.टी.त किंवा गाडीत जुन्या सेलची पिशवी शहरात आणणे, आणि तेथील संकलन केंद्रात देणे, हा आज तरी सर्वांत व्यवहार्य मार्ग आहे.